निवडीची घाई नको

प्रति,
महाराष्ट्रातील १३ आणि १४ वर्षांखालील संघांचे फुटबॉल प्रशिक्षक



जूनमध्ये शाळा उघडल्या की संघनिवडीची धावपळ सुरू होते. मैदानावर शे-सव्वाशे मुले, पाठीवर टाचलेले क्रमांक, हातात कागद-पेन घेतलेले दोन-तीन निवडकर्ते आणि तासाभराचा खेळ. संध्याकाळी अठरा-वीस नावांची यादी लागते. ज्यांचे नाव यादीत आहे त्यांना वर्षभर सराव, सामने, किट आणि तुमचे लक्ष मिळते. ज्यांचे नाही त्यांच्यातले बहुतेक पुढच्या वर्षी चाचणीला येतही नाहीत. गुणी मुले शोधण्याचा हा मार्ग आपण इतका गृहीत धरला आहे की त्यातून नेमके काय शोधले जाते, हे कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे, की बाराव्या-तेराव्या वर्षीच्या चाचणीत प्रामुख्याने शरीराची वाढ निवडली जाते आणि आपण तिला गुणवत्ता समजतो. म्हणून या वयात प्रशिक्षकाचे पहिले काम निवडण्याचे नाही. जास्तीत जास्त मुलांना जास्तीत जास्त वर्षे खेळात टिकवून शिकवण्याचे आहे. खरी निवड सोळा-सतराव्या वर्षापर्यंत लांबवता येते आणि लांबवलीच पाहिजे.

मुलांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुलींची बाराव्या. पण ही झाली सरासरी. एखाद्याला बाराव्या वर्षीच मिसरूड फुटते आणि दुसरा सोळाव्या वर्षी उंच होऊ लागतो. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुलांच्या शरीरांत त्यामुळे तीन-चार वर्षांचे अंतर पडू शकते. त्यात जन्ममहिन्याची भर पडते. वयोगटाची सीमारेषा १ जानेवारी असेल, तर जानेवारीतला मुलगा डिसेंबरमधल्यापेक्षा जवळजवळ वर्षभराने मोठा असूनही दोघे एकाच गटात मोजले जातात. बेल्जियमचे संशोधक वर्नर हेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये युरोपातील अनेक देशांच्या १५ ते १८ वर्षांखालील राष्ट्रीय संघांच्या जन्मतारखा तपासल्या. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत जन्मलेले खेळाडू सुमारे ४३ टक्के निघाले आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमधले ९ टक्क्यांच्या आसपास. फुटबॉलची देणगी जानेवारीत जास्त आणि नोव्हेंबरमध्ये कमी वाटली जाते, असे कोणी म्हणणार नाही. बेल्जियममध्ये १९९७ साली ही सीमारेषा १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणली गेली, तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांचे संघांतले प्रमाण घटले आणि जानेवारी-फेब्रुवारीतल्यांचे वाढले. मुले त्याच देशातली होती, फक्त नियमातली तारीख बदलली होती. आपल्याकडे तर तारखेचाच भरवसा नसतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली कितीतरी माणसे महाराष्ट्रात आहेत. ती रीत मागे पडली, पण वय चोरून मुलाला खालच्या गटात खेळवण्याचा मोह गेलेला नाही, म्हणून तर भारतीय फुटबॉल महासंघाला मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय पाहावे लागते. ती तपासणी लबाडी पकडते. खरे कागद घेऊन आलेल्या दोन मुलांच्या वाढीतला फरक मात्र प्रशिक्षकालाच ओळखावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, आज थोडे चुकले तरी पुढे दुरुस्त होईल, खरा खेळाडू कुठूनही वर येतोच. लूका मॉड्रिचला हायडुक स्प्लिटने किरकोळ अंगाचा म्हणून घेतले नाही, तो २०१८ चा बॅलन डी'ओर विजेता झाला. आंत्वान ग्रीझमानला बुटका म्हणून फ्रेंच क्लबांनी नाकारले आणि त्याला सीमेपलीकडे स्पेनमध्ये रेआल सोसिएदादकडे जावे लागले. जेमी वार्डीला शेफिल्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी लहानखुरा म्हणून सोडले. ही उदाहरणे 'शेवटी गुण दिसतोच' हे पटवण्यासाठी दिली जातात, पण ती सांगतात उलटेच. ज्यांचे काम केवळ गुणी मुले हेरण्याचे आहे अशा जाणत्या माणसांनीही वाढीच्या वयातल्या मुलांकडे पाहून चुकीचा निर्णय घेतला. हे तिघे हट्टाने किंवा नशिबाने परत आले म्हणून त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. जे परतले नाहीत त्यांची यादी कोणाकडेच नाही. शिवाय हे घडले ते एका क्लबने नाकारले तर पंचवीस मैलांवर दुसरा क्लब असतो अशा देशांत. परभणीच्या किंवा चंद्रपूरच्या मुलाला जिल्हा संघातून वगळले, तर त्याने कुठे जायचे? आणि अंदाज केवळ लहानखुऱ्या मुलांच्याच बाबतीत चुकतो असेही नाही. २०१७ ची १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, तिचे सामने नवी मुंबई आणि मडगावातही झाले. त्या स्पर्धेत आठ गोल करून गोल्डन बूट मिळवणाऱ्या ऱ्हियान ब्रूस्टरला पुढे इंग्लंडच्या ज्येष्ठ संघातून खेळायला मिळाले नाही. इंग्लंडच्या त्याच १७ वर्षांखालील संघातला फिल फोडेन मात्र मोठा खेळाडू झाला. सतराव्या वर्षी, जागतिक मंचावरही अंदाज असा निम्मा खरा ठरतो. मग तेराव्या वर्षी तासाभरात केलेल्या अंदाजावर एखाद्या मुलाचा खेळ संपवायचा अधिकार आपण कुठून आणतो?

घाईच्या निवडीत थोराड मुलाचाही तोटा होतो, हे सहसा लक्षात येत नाही. तेराव्या वर्षी जो खांद्याने धक्का देऊन चेंडू काढून घेऊ शकतो, त्याला अंगावर आलेल्या बचावपटूला चकवायचे कसे, पाठीवर माणूस असताना चेंडू घेऊन वळायचे कसे, दुसऱ्या पायाने पास कसा द्यायचा, हे शिकायची गरजच पडत नाही. प्रशिक्षकालाही सामना जिंकायचा असतो. मग उंच मुलगा मधल्या बचावात, वेगवान मुलगा पुढे आणि मागून लांब किक, एवढ्यावर जिल्ह्याचा चषक मिळून जातो. सतराव्या-अठराव्या वर्षी बाकीची मुले उंचीने बरोबरीला येतात, तेव्हा या मुलाकडे फक्त जुने चषक उरतात. भारतीय संघाला गोल करणारा माणूस का मिळत नाही, याचे एक कारण इथे सापडेल. सुनील छेत्रीने जून २०२४ मध्ये निवृत्ती घेतली आणि मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याला परत बोलवावे लागले. छेत्री स्वतः जेमतेम पाच फूट सात इंच उंचीचा. त्याची सगळी भिस्त जागा हेरण्यावर, पहिल्या स्पर्शावर आणि वेळ साधण्यावर. नेमके हेच गुण लांब किकच्या फुटबॉलमध्ये वाढत नाहीत.

मग या वयात करायचे काय? पहिली गोष्ट, मैदान लहान करा. अकरा वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या पूर्ण मैदानावर अकराविरुद्ध अकरा खेळवले, तर बहुतेकांच्या वाट्याला चेंडू येतो तो अधूनमधून. चारविरुद्ध चार किंवा पाचविरुद्ध पाच खेळवले, की प्रत्येकाला सतत चेंडू लागतो, सतत निर्णय घ्यावा लागतो, आणि मागे उभे राहून वेळ काढायची सोय राहत नाही. जर्मनीने २०२४-२५ च्या हंगामापासून ११ वर्षांखालील गटांसाठी छोट्या संघांचे खेळ देशभर सक्तीचे केले. सर्वांत लहान मुले दोन-दोन किंवा तीन-तीनच्या संघांनी चार छोट्या गोलांवर खेळतात. तिथेही ओरड झाली की मुले हरायला शिकणार नाहीत. प्रत्यक्षात एका सकाळी सात-आठ छोटे सामने झाले, की प्रत्येक मूल तीन-चारदा जिंकते आणि तितक्याच वेळा हरते. हरायची सवय त्याला आपल्या मुलांपेक्षा चांगलीच लागते. दुसरी गोष्ट, जागा बदलत ठेवा. तेराव्या वर्षी कोणाला कायमचा बचावपटू किंवा गोलरक्षक ठरवू नका. तिसरी, प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना खेळू द्या. बाकावर बसून कोणी फुटबॉल शिकलेला नाही. चौथी, दर तीन महिन्यांनी उंची मोजून वहीत लिहा. वहीसाठी वीस रुपये लागतात. ज्याची उंची अचानक झपाट्याने वाढते आहे त्याचा तोल काही महिने बिघडतो, त्याचे गुडघे आणि टाचा दुखू लागतात. तो आळशी झालेला नसतो. त्या काळात त्याला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणे म्हणजे दुखापत ओढवून घेणे. वॉर्मअपही नीट करून घ्या. मुलांसाठी तयार केलेल्या 'फिफा ११ प्लस किड्स' या व्यायामक्रमाने दुखापती जवळपास निम्म्याने कमी झाल्याचे युरोपातल्या मोठ्या चाचणीत दिसले आहे, आणि त्याला वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ किंवा चेंडूशिवाय दुसरे साहित्य लागत नाही.

मुलींच्या बाबतीत ही काळजी आणखी हवी. त्यांची वाढ दोनेक वर्षे आधी होते आणि गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापतीचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. २०२२ मध्ये मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाला. त्यानंतरही अनेक जिल्ह्यांत मुलींचे संघ इतके थोडे आहेत की तिथे निवडीचा प्रश्नच येत नाही. तिथे आलेल्या प्रत्येक मुलीला टिकवणे हेच काम आहे.

आता सर्वांत मोठी हरकत. तुम्ही म्हणाल, सगळ्यांना सारखे वागवले तर जो खरोखर चमकदार आहे त्याचे काय? त्याला तर अधिक द्यायला हवे. अधिक द्यावेच, पण त्यासाठी दुसऱ्याला काढून टाकावे लागत नाही. नॉर्वेच्या नैर्ऋत्येला ब्रायने नावाचे छोटे गाव आहे. तिथे १९९९ साली जन्मलेल्या सुमारे चाळीस मुलांचा एक गट वर्षानुवर्षे एकत्र सराव करत होता. कोणालाही वगळले नाही, सगळ्यांना सारखा सराव मिळाला, आणि ज्यांना जास्त हवे होते त्यांना जास्त वेळ मैदान खुले होते. या गटातून सहा व्यावसायिक खेळाडू तयार झाले. त्यांच्यापेक्षा वर्षाने लहान असलेला एक मुलगाही याच गटात खेळत असे. तो दहाव्या-बाराव्या वर्षी अंगाने मोठा नव्हता, उंची त्याने नंतर गाठली. त्याचे नाव अर्लिंग हालँड. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाचा नियमच आहे की अकरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांत गुणतक्ते लावायचे नाहीत आणि तेरा वर्षांखालच्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा भरवायच्या नाहीत. मुलांच्या खेळासाठी असे नियम तिथे १९८७ पासून आहेत. त्याच नॉर्वेने हालँड आणि मार्टिन ओडेगार्डच्या संघासह २०२६ च्या विश्वचषकाची पात्रता मिळवली, १९९८ नंतर प्रथमच. चमकदार मुलाला आव्हान हवे असेल, तर त्याला आठवड्यातून एकदा वरच्या गटाबरोबर खेळवा. उशिरा वाढणाऱ्याला कधी खालच्या गटात त्याच्याच अंगकाठीच्या मुलांबरोबर उतरवा. इंग्लंडच्या अकादमींनी वयाऐवजी शरीराच्या वाढीनुसार गट पाडून सामने खेळवून पाहिले आहेत. बेल्जियमच्या महासंघाने तर उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळे राष्ट्रीय संघ उभे केले. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. जत्रेच्या फडात कुस्तीची जोड लावताना कोणी जन्मतारीख विचारत नाही, अंगपिंड आणि वजन पाहतात. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या फुटबॉल संघांच्या नावांत आजही तालीम आहे. त्या तालमींना जे ठाऊक होते, ते फुटबॉलमध्ये आपण विसरलो.

दुसरी हरकत अधिक खरी आहे. तुम्ही म्हणाल, हे सगळे पटते, पण आमची नोकरी निकालावर आहे. शाळेला फलक हवा असतो, पालकांना दहावी-बारावीचे क्रीडागुण हवे असतात, पुढे शासकीय नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्र हवे असते. हे खोटे नाही, आणि याचा दोष तुमच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. स्पर्धांची रचनाच अशी आहे. शालेय स्पर्धा बहुतांशी बाद पद्धतीने होतात. बत्तीस संघ असतील तर सोळा संघांचा हंगाम एका सामन्यात संपतो आणि चोवीस संघांना दोनपेक्षा जास्त सामने मिळत नाहीत. अशा सामन्यात बुटक्या पण हुशार मुलाला संधी द्या, हे सांगणे सोपे आणि करणे अवघड. म्हणून हे पत्र तुमच्यामार्फत वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, जिल्हा संघटना आणि राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयासाठीही आहे. चौदा वर्षांखालच्या स्पर्धा चार-चार संघांच्या साखळीने सुरू करा, म्हणजे शेवटी आलेल्या संघालाही तीन सामने मिळतील. यादीतल्या प्रत्येक खेळाडूने ठरावीक मिनिटे खेळलीच पाहिजेत असा नियम करा. मैदान आणि गोल वयाप्रमाणे लहान ठेवा. हे नियम सगळ्यांना सारखे लागू झाले, तर मुलांना खेळवणाऱ्या प्रशिक्षकाला त्याचा तोटा सोसावा लागणार नाही. २०१७ मध्ये 'मिशन वन मिलियन' या मोहिमेत राज्यातल्या दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचे ठरले होते. मैदानावर एक दिवस किती मुले आली, ही मोजणी सोपी असते. त्यांतली किती तीन वर्षांनीही खेळत होती, हा आकडा सरकारने आणि संघटनांनी दरवर्षी मागितला पाहिजे.

नियम बदलेपर्यंत मात्र तुम्ही हातावर हात ठेवून बसायचे नाही. पैसा आणि मैदाने नाहीत म्हणून नॉर्वे-जर्मनी आपल्याला परवडत नाही, हा युक्तिवाद इथे टिकत नाही. एका पूर्ण मैदानावर सहज सहा छोटी मैदाने आखता येतात, आणि जिथे बावीस मुले खेळायची तिथे साठ खेळू शकतात. मुंबईत जागा नाही म्हणताना आझाद मैदानावर शेजारीशेजारी किती क्रिकेटचे सामने चालतात ते आठवा. खरा खर्च पैशाचा नाही, सवयीचा आहे. सामन्यातल्या सूचना थोड्या कमी करून मुलाला स्वतः चेंडू कुठे द्यायचा ते ठरवू देणे, हरलेल्या सामन्यानंतर 'काय चुकले' ऐवजी 'काय शिकलो' हे विचारणे, आणि वगळायच्या यादीतले नाव सहा महिने थांबवून ठेवणे, याला कोणाची मंजुरी लागत नाही. मुले ऐकतात ते ज्याच्या हातात शिटी आहे त्याचे.

तुमच्या कामाची मोजणीही तुम्हीच बदलू शकता. यंदा तुमच्या हाताखाली आलेल्या प्रत्येक मुला-मुलीचे नाव, जन्ममहिना, उंची आणि खेळलेली मिनिटे एका वहीत लिहा, आणि पाच वर्षांनी तीच वही उघडून त्यांतले किती अजून खेळतात ते पाहा. तो आकडा शाळेच्या व्यवस्थापनाला, पालकांना आणि जिल्हा संघटनेला दाखवा. चषक कपाटात राहतात, आणि त्यांच्यावरून तुम्ही किती खेळाडू घडवले हे कळत नाही. तेराव्या वर्षीचा विजेता संघ हे प्रशिक्षकाचे यश नसते. विसाव्या वर्षी खेळणारा माणूस हे त्याचे यश असते. म्हणून विनंती एवढीच, की या जूनमध्ये यादी लावण्याआधी वगळलेल्या नावांवरून एकदा नजर फिरवा, त्यांच्यातले उशिरा वाढणारे आणि वर्षाच्या शेवटी जन्मलेले ओळखा, आणि त्यांना सरावाला येत राहा म्हणून सांगा.



आपला,
एक फुटबॉलप्रेमी